वस्तीची उचल

त्या उन्हाळ्यात गोदाबाईचं दार दिवसागणिक हट्टी होत गेलं. आधी ते नुसतं कुरकुरलं, मग फरशीला घासायला लागलं, आणि चैत्र सरता सरता एका सकाळी अर्ध्यावर येऊन असं रुतलं की पुढंही जाईना, मागंही येईना. गोदाबाईनं खांदा लावला, मांडी लावली. आतून सीतारामचा खोकला आला आणि खोकल्यामागून त्याचं बोलणं.

"त्याला नगं ढकलू. दार जाग्यावरच हाय. घर खाली बसाया लागलंय."

"तुमाला चेष्टा सुचती. मला कामावर जायचंय."

"चेष्टा न्हाई. वीस-बावीस वर्सं उभं हुतं, पाय दुखले असतील त्याचे."

ती अंग चोरून फटीतून बाहेर पडली. दंडाला चुना लागला तो पदराने पुसला.

बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून दोघं वाघोलीच्या खाणीवर आली होती. सीताराम दगड घडवायचा, ती खडी फोडायची. दहा-बारा वर्षांनी संपलेल्या खड्ड्यात मालकानं माती, राबिट, शहरातल्या पाडलेल्या घरांचा राडारोडा लोटला, वरून काळी माती पसरली आणि कामगारांना म्हणाला, राहा इथं. मालकाच्या नजरेतून उतरलेले, कोपरा उडालेले दगड दोघांनी डोक्यावरून वाहिले आणि खोली उभी केली. पुढं खाण बंद पडली. सीतारामच्या छातीत दगडाची धूळ राहिली ती राहिलीच.

आता वस्तीच्या कुंपणापलीकडं कम्प्युटरवाल्या लोकांसाठी उंच इमारती उठत होत्या. गोदाबाई तिथंच बिगारी होती. इमारतींना पाणी लागे ते बोअरचं, आणि बांधकामाला पुरून उरलेलं टँकरमध्ये बसून नगर रस्त्यानं विकायला जाई. पंपांची घरघर थांबत नव्हती. भुईच्या पोटातलं पाणी वर निघालं तशी भुई आत ओढली गेली, उपाशी माणसाच्या पोटासारखी. वस्तीतल्या भिंतींना चिरा पडल्या तेव्हा कुणी आलं नाही. इमारतीच्या कंपाउंडला चीर गेली, तशी दुसऱ्याच दिवशी टोप्या घातलेली माणसं दुर्बिणीची तिकाटणी घेऊन आली.

त्यांनी जागोजाग पितळी खिळे ठोकले. एक गोदाबाईच्या उंबऱ्यात. भुई किती खाली गेली ते त्या खिळ्यावरून कळतं म्हणे. उंबऱ्यात काही नवं आलं, तर त्याला कोरडं कसं ठेवायचं? तिनं खिळ्याला हळदीकुंकू वाहिलं. पुढच्या खेपेला टोपीवाला पोरगा करवादला, "आज्जी, पुसा ते. रीडिंग चुकतंय."

सीताराम आतून म्हणाला, "चुकू द्या की. तेवढीच भुई वर आल्यागत दिसंल."

या खिळ्यांचे आकडे जिथं जात, तिथंच तिची लेक दीपमाला कामाला होती. खराडीच्या काचेच्या इमारतीत, जमिनीचा कम्प्युटरवर हिशेब मांडणाऱ्या कंपनीत. बी.एस्सी. झालेली, वस्तीतली खुर्चीवर बसून काम करणारी पहिलीच पोर. सकाळी ती गळ्यात निळी दोरी अडकवून निघायची तेव्हा गोदाबाई डोक्यावरचं घमेलं तसंच धरून कुंपणाशी थबकायची. मुकादम ओरडेपर्यंत. घमेल्याखाली ओठ हलायचे:

*लेक गेली काचघरी, गळ्यात गं निळी दोरी*
*ऊन लागंना तियेला, माझ्या जल्माची तिजोरी*

एका संध्याकाळी चुलीपाशी बसून दीपमालानं आईला आपलं काम समजावलं.

"आम्ही कम्प्युटरमध्ये खोटी जमीन तयार करतो. खाली कातळ, वर भराव, वर काळी माती. मग त्यातून खोटं पाणी काढतो, खोटं पाणी भरतो. खरी जमीन पुढं काय करेल ते आधीच दिसतं."

"खोट्यात बघून खरं कळतं?"

"खिळ्यांशी ताडून बघतो ना. खिळा जेवढा खाली गेला, तेवढाच आमच्या चित्रातही गेला, म्हणजे चित्र बरोबर."

"मग आपल्या दाराचं काय म्हनतंय तुझं चित्र?"

दीपमालाचा चेहरा उजळला. "तेच सांगते. कुंपणाला लागून नळ पुरायचे आणि पाणी परत आत सोडायचं. जमीन वर येते, आई. खरंच येते. तव्यावरची ती भाकरी बघ, आत वाफ कोंडली की पापुद्रा कसा उचलला जातो. तशी."

गोदाबाईनं भाकरी निखाऱ्यांच्या आहारावर उभी केली. टम्म फुगली. "भुईबी अशी?"

"एवढी नाही. बोटभर."

"बोटभर लई झालं. दार निघंल."

सीताराम भिंतीला टेकून बघत होता. "फुगल्याली भाकर टोपल्यात टाकली की मग काय हुतं गं, दीपे?"

दीपमाला आहारावरची राख फुंकत राहिली. गोदाबाईनं ते पाहिलं. पण हातातली भाकरी करपायला आली होती.

आठवड्याभरात महिपती आला. पूर्वीचा पंचायत सदस्य, आता इमारतवाल्यांची कामं करणारा. पांढरी पँट, पांढरे बूट, हातात छापील कागदांची चळत. नळ पुरायचे ते वस्तीच्या बाजूनं, म्हणून वस्तीची संमती हवी होती. टँकरच्या रांगेत बायका हंडे मांडून बसल्या होत्या, तिथंच त्यानं कागद वाचून दाखवला.

"'पाणी भरण्याच्या कामामुळे वस्तीच्या जमिनीस उचल मिळेल.' समजलं का?"

रांगेतल्या माना वर झाल्या. उचल हा शब्द तिथल्या बायाबापड्यांना आईच्या नावासारखा ठाऊक होता. खाणीवर, वीटभट्टीवर, उसाच्या फडावर, कामाला लागायच्या आधी मुकादम हातावर जे पैसे ठेवतो ती उचल. तिच्यावर लग्नं झाली होती, मयती निघाल्या होत्या.

शेजारची विमलाबाई हंडा सोडून उठली. जीभ तिखट, मन मऊ. "उचल? आन् फेडायची कशी? कामावर का रोख?"

महिपतीनं कागदाकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं. त्याला शब्द कळला होता आणि बायकांना काय कळलं तेही कळलं होतं. तो हसला. "फेडायचं काही लिहिलंय का यात? मिळेल, एवढंच लिहिलंय."

"जमिनीस म्हनलाव. म्हंजी ज्याची जागा त्याला?"

"वस्तीला म्हणजे वस्तीला, मावशी. आता काय अक्षर फोडून देऊ?"

"हे खरं कशावरून? तुमच्या तोंडचं आमी लई ऐकलंय."

तेव्हा गोदाबाई पुढं झाली. उन्हानं तापलेला चेहरा, केसांत सिमेंट. छाती भरून आली होती तिची. "अगं विमल, आमच्या दीपीच्या हापिसातनं आलाय तो कागद. मराठी तिनंच लिवलंय. माझी पोर खोटं लिवंल का?"

"मग झालं," विमलाबाई म्हणाली. "दीपीनं लिवलंय तर मी दोनी अंगठे देते."

सांजेला दीपमाला बसमधून उतरून वस्तीत शिरली, तर विमलाबाईनं तिला वाटेतच धरलं, कपाळाला कुंकू लावलं, वाटीभर शिरा पुढं केला. "खा गं माय. तू शिकलीस त्याचं आज सार्थक केलंस. त्या उचलीतनं आमच्या बापूचं दुकान टाकीन म्हनते."

दीपमालाचा घास तोंडातच राहिला.

घरी येऊन तिनं दार लोटून घ्यायला पाहिलं. दार लागेना. तशीच आईला मोरीकडं ओढून कुजबुजली. "आई, ती उचल नाही गं. ऑफिसात सरांनी विचारलं, जमीन वर येते त्याला मराठीत काय म्हणायचं. मी म्हटलं, उचल. उचलली जाते ती उचल. माझ्या डोक्यातसुद्धा पैशाचं आलं नाही."

"तुझ्या डोक्यात आलं न्हाई?" गोदाबाईनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. "तुझं बारसं उचलीवर झालंय, दीपे."

पोरीचे डोळे भरले. खुर्चीवर बसल्याला दोनच वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात तो शब्द तिच्यातून निघून दुसऱ्याच घरी नांदायला गेला होता.

"बरं, रडू नगं. शब्द बदलून दे म्हनावं."

"आणि आणखी एक आहे." दीपमालानं नाक पुसलं. "बाबा भाकरीचं म्हणाले ते खरं आहे. वरची काळी माती पाणी पिऊन आधी फुगते. पण खालचा भराव पोकळ आहे, राबिटाचा. तो भिजला की बसतो. चित्रात आधी आपली वस्ती निळी होते, वर येते. मग लाल होते. कागदावर सरांनी निळ्यापुरतंच लिहायला सांगितलं."

"आन् त्यांची इमारत?"

"ती कातळावर आहे. तिचा फक्त कोपरा आपल्या भरावाच्या पातळ काठावर येतो. तो कोपरा त्यांना वर हवाय."

गोदाबाईनं कामावर खाडा केला आणि दुसऱ्या दिवशी लेकीबरोबर खराडीला गेली. धुवट लुगडं, पायात सीतारामच्या चपला, कारण तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. दारावरच्या वॉचमननं तिला वहीत नाव घालायला सांगितलं. तिनं अंगठा दाखवला, तर त्यानं तिचं नाव न विचारताच लिहिलं, 'मेड'. दीपमालानं ते वाचलं. आईला घेऊन पुढं झाली. आतल्या गार हवेनं गोदाबाईच्या अंगावर काटा आला आणि चकचकीत फरशीवर नवऱ्याच्या चपला फटक फटक वाजत राहिल्या. एकेक मान वळून पाहू लागली.

आनंद सर उठून उभे राहिले. पन्नाशीचे, खादीचा शर्ट, आवाज मऊ. "या, बसा. आपण दीपमालाच्या आई ना? चहा घेणार? मशीनचा आहे, त्यामुळे आग्रह करत नाही."

"चहा नगं, साहेब. त्या कागदातला एक शब्द बदलायचा हुता."

"कुठला?"

"उचल."

सरांनी चष्मा पुसला. "शब्द चुकीचा आहे का?"

"बरोबर हाय. पन आमच्यात त्याला दुसरंच म्हनत्यात. लोक पैसे समजून ऱ्हायल्यात."

"अस्सं. कागद छापून झाला आहे, बाई. व्याकरण आम्ही तपासून घेतलं होतं. लोकांच्या अपेक्षा तपासायचं काम आपल्याकडे नव्हतं."

गोदाबाईला यातलं निम्मं कळलं. पण टोलवलेलं कळलं. तिची नजर समोरच्या पडद्यावर गेली. जाळीची चौकटीचौकटीची गोधडी अंथरली होती, निळ्या-हिरव्या रंगांची. "ही आमची वस्ती का?"

"हो. ही आपली बाजू." सरांनी मनापासून दाखवलं. काम त्यांच्या आवडीचं होतं.

"माझं घर कुठंय?"

त्यांनी एका चौकटीवर बाण नेला. "यात. यात साधारण चार घरं येतात."

"चार घरं एका खणात? मंग भिंती कशा दिसनात?"

"भिंती नसतात यात. नुसतं वजन असतं. घर म्हणजे आमच्यासाठी इतकं वजन, बस."

ती त्या निळ्या खणाकडं बघत राहिली. त्यात सीताराम खोकत होता, त्यात विमलाबाई शिरा ढवळत होती. ती वाकून हळूच म्हणाली, "साहेब, हे निळं झाल्यावर मंग लाल हुनार का?"

सरांचा हात माऊसवर थांबला. त्यांनी गोदाबाईकडं पाहिलं नाही. तिच्या खुर्चीमागं उभ्या असलेल्या दीपमालाकडं पाहिलं.

"हे आपल्याला कोणी सांगितलं?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इथले आकडे बाहेर जात नाहीत, असं इथे प्रत्येकाकडून लिहून घेतलेलं असतं," सर त्याच मऊ आवाजात म्हणाले. "म्हणून विचारलं. रागावलो नाही."

गोदाबाईनं मान वळवली. दीपमालाची मूठ गळ्यातल्या निळ्या दोरीवर आवळली होती. नखं पांढरी पडली होती. खाणीत सुरुंग उडायच्या आधी माणसं कान झाकून अशीच उभी राहत. त्या पोरीच्या हाताला घट्टा नव्हता. तो पडू नये म्हणून काय काय केलं होतं ते त्या मायलेकींनाच माहीत.

"कुनी न्हाई सांगितलं," गोदाबाई म्हणाली. "भाकरी भाजता भाजता आपलं मनात आलं."

"छान. भाकरीवर आमचा अभ्यास नाही," सर म्हणाले, आणि उठून दारापर्यंत पोचवायला आले.

परतताना दीपमाला गेटाशी थांबली, गोदाबाई एकटीच उन्हातून चालत आली. टँकरच्या रांगेत विमलाबाई वाटच बघत होती. गोदाबाई खराडीला गेल्याचं वस्तीभर झालं होतं.

"काय म्हनले गं सायेब? उचलीचं विचारलंस ना?"

समोर विमल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागं, डोळ्यांच्या पापणीमागं, निळ्या दोरीवरची ती मूठ.

"विचारलं," गोदाबाई म्हणाली. "शब्द बरोबर हाय म्हनले."

मारुतीच्या पारावर सभा झाली. महिपतीनं शाईची डबी उघडली. "पहिला मान दीपमालाच्या आईला!" टाळ्या पडल्या. गोदाबाईनं अंगठा बुडवला, कागदावर टेकवला. विमलाबाईनं खरंच दोन्ही अंगठे दिले. सीताराम आला नव्हता. घरी आल्यावर त्यानं बायकोचा काळा अंगठा पाहिला आणि भिंतीकडं तोंड करून निजला.

नळ पुरले गेले. पाणी आत सुटलं. प्यायला टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीच्या पायाखाली रात्रंदिवस पाणी चाललं होतं. कान लावला तर ऐकू येई. आणि भुई खरंच वर आली. भिंतीच्या चिरा मिटल्या. गोदाबाईचं दार एका सकाळी एका बोटानं उघडलं. पोरं उगीचच ते उघडत आणि मिटत बसली. बायका म्हणाल्या, भुई गरवार झाली. विमलाबाई महिपतीला वाटेत गाठून विचारू लागली, "अहो, भुई उठली, आता पैसे कधी उठनार?" तो घड्याळ बघून निघून जाई. गोदाबाई मात्र दाराला हात लावत नसे. उघडं तर उघडं. कामावर ओव्या म्हणेनाशी झाली. एकदाच, विटा चढवताना, बरोबरीच्या बाईनं ऐकलं:

*दगडाच्या घराला गं दगडाची पायरी*
*भुई झाली पातळ, पाय ठेवू कुनावरी*

मग ऐन दुपारी, उन्हं पार डोक्यावर असताना, खालून पोतं आपटल्यासारखा आवाज झाला. इमारतीवरच्या बिगाऱ्यांनी वाकून पाहिलं. वस्तीवर धुळीचा लोट उठला होता. गोदाबाई घमेलं टाकून धावली. विमलाबाईची मागची भिंत सबंध आत आली होती आणि भिंतीखाली तिचा उजवा हात होता. पहार आणा, पहार आणा म्हणेस्तोवर गोदाबाईनं नुसत्या हातांनी दगड उपसले. ते तिनंच डोक्यावरून वाहिलेले दगड होते, विमलला उसने दिलेले.

"गोदे," विमलाबाई दातओठ खात म्हणाली, "उचल, गं उचल."

दगड उचल म्हणाली ती. दुसरं काही नाही. पण गोदाबाईच्या अंगातलं बळ तिथंच गेलं आणि दोघा गड्यांना पुढचा दगड हलवावा लागला.

संध्याकाळपर्यंत आणखी तीन घरं पडली. गोदाबाईचं उभं होतं, कमरेतून वाकलेलं. सरकारी माणूस येऊन प्रत्येक भिंतीवर लाल रंगानं 'धोकादायक' लिहून गेला. महिपतीला लोकांनी घेरलं तर त्यानं खिशातून कागद काढला. "उचल मिळेल, लिहिलं होतं. मिळाली की नाही? गोदाबाईचं दार बोटानं उघडत होतं, सगळ्यांनी पाहिलंय. अंगठे तुमचे आहेत."

इमारतीचा कोपरा वर आला होता. कंपाउंडची चीर बुजवून त्यावर पिवळा रंग दिला होता.

वस्तीला लोहगावच्या वाटेवर पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. भिंती पत्र्याच्या, त्यामुळं शेजारणीचं कण्हणं आपल्याच उशाशी येई. विमलाबाईचा हात कोपरापासून गेला होता. ती गोदाबाईशी बोलायची, पूर्वीसारखीच बोलायची. कधी काही विचारलं नाही. गोदाबाईला वाटायचं, हिनं एकदा तोंडावर थुंकावं, म्हणजे मग धुता तरी येईल.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दीपमाला एका संध्याकाळी लवकर आली. सीताराम पत्र्याला पाठ लावून बसला होता. पत्रा तापलेला असल्यानं मध्ये गोणपाट. ती कोपऱ्यात बसली, दोरी काढून पर्समध्ये टाकली.

"आज सरांनी नवं चित्र करायला सांगितलं," ती म्हणाली. "वस्ती रिकामी झाली ना, म्हणून. घरांची वजनं काढायची आणि परत चालवून बघायचं."

"मग?"

"सगळं हिरवं आलं. घरंच नाहीत तर नुकसान कशाचं होणार. आता ती जागा चांगली दिसते, आई. बाग करणार आहेत तिथं, इमारतवाल्यांसाठी."

गोदाबाई तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "घरं कुनी काढली?"

"मी."

"कशी काढत्यात?"

"चौकटीवर बाण न्यायचा. दाबायचं. वजन शून्य होतं."

"आपलं कधी काढलंस?"

दीपमालानं पावलं पोटाशी ओढून घेतली. "सगळ्यात आधी. त्याच्याकडं बघत बाकीची काढवत नव्हती."

सीताराम खोकायचा थांबला. पलीकडच्या शेडमध्ये विमलाबाई डाव्या हातानं भांडी घासत होती, एखादं निसटून वाजत होतं. गोदाबाईनं सूप बाजूला ठेवलं. लेकीचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, उलटा केला, बोटाबोटावरून अंगठा फिरवला. मऊ होती बोटं, फुलाच्या देठासारखी. कुठं ओरखडा नव्हता. धूळसुद्धा नव्हती.

"घण घेऊन पाडलं असतंस," ती म्हणाली, "तर आमाला आवाज तरी ऐकू आला असता."

तिनं तो हात होता तिथं परत ठेवला, आणि सूप ओढून घेतलं.